ड्रॅक्युला लिहिणारा कारकून : ब्रॅम स्टोकर यांचे आयुष्य आणि मागे उरलेले कागद

नक्कलनवीस (सोलापूर)

मी सोलापुरात न्यायालयाच्या नक्कल विभागात ३१ वर्षे काढली. कागद दाखल होतो, त्याला निशाणी पडते, रोजनाम्यात नोंद होते, आणि कोणी अर्ज केला की त्याची प्रत निघून तिच्यावर ‘खरी नक्कल’ असा शिक्का बसतो, एवढ्यातच माझी उमर गेली. त्यामुळे ‘ड्रॅक्युला’ ही रक्तपिपासू सरदाराची कादंबरी पहिल्यांदा वाचली तेव्हा मला भीती नंतर वाटली, ओळख आधी पटली. ही मिसल, म्हणजे एका प्रकरणाच्या कागदांचा गठ्ठा आहे, आणि ती लावणारा माणूस दप्तरात बसलेला आहे, असे पहिल्या पन्नास पानांतच मनात आले. लेखकाचे चरित्र पुढे पुष्कळ वर्षांनी हाती पडले, आणि तो खरोखरच कारकून होता हे वाचून मी पुस्तक मिटून थोडा वेळ तसाच बसून राहिलो.

या कादंबरीत सांगणारा असा कोणी एक माणूस नाही. जोनाथन हार्कर या तरुण वकिलाची रोजनिशी, त्याची वाग्दत्त वधू मीना हिची पत्रे, डॉक्टर सेवर्डने फोनोग्राफवर बोलून ठेवलेल्या नोंदी, वर्तमानपत्राची कात्रणे, जहाजाच्या कप्तानाची नोंदवही आणि तारा असे कागद एकामागून एक लावले आहेत, आणि प्रकरण काय आहे ते वाचणाऱ्याने त्यांतून काढायचे आहे. पहिल्या ओळीत भूत नाही, गाडीची वेळ आहे. १ मे रोजी रात्री ८ वाजून ३५ मिनिटांनी म्युनिक सोडले, व्हिएन्नाला ६ वाजून ४६ मिनिटांनी पोहोचायला हवे होते, पण गाडीला तासभर उशीर झाला. थोड्याच ओळींनंतर हार्करला लाल मिरची घातलेली कोंबडी वाढतात, ती खाऊन त्याला फार तहान लागते, आणि तरीही मीनासाठी ही पाककृती मागून घ्यायची असे तो टिपून ठेवतो. काळ्या मसाल्यावर वाढलेल्या सोलापूरकराला तो त्या ओळीपासून परका राहत नाही.

अब्राहम ऊर्फ ब्रॅम स्टोकर यांचा जन्म ८ नोव्हेंबर १८४७ रोजी डब्लिनजवळच्या क्लॉनटार्फ येथे झाला. सात भावंडांत ते तिसरे होते. वडील डब्लिन कॅसल या सरकारी कचेरीत कारकून होते. सात वर्षांचे होईपर्यंत ब्रॅम यांना अंथरुणावरून उठून उभे राहता येत नव्हते, आणि त्या आजाराचे निदान कधीच झाले नाही. तोच मुलगा पुढे ट्रिनिटी कॉलेजात खेळाडू म्हणून नावाजला. वडिलांच्याच कचेरीत तो नोकरीला लागला आणि पेटी सेशन्स, म्हणजे गावोगावच्या किरकोळ गुन्ह्यांच्या न्यायालयांचा निरीक्षक झाला. आयर्लंडभर फिरून कारकुनांची दप्तरे तपासणे हे त्याचे काम होते. कोठे नोंद कशी करतात, कोठे चुकतात, हे पाहून त्यांनी त्या कारकुनांसाठी कर्तव्यांची एक पुस्तिका लिहिली, ती १८७९ साली छापली गेली. चरित्रकार या पुस्तिकेचा उल्लेख एखाद्या ओळीत करून पुढे जातात. माझ्या मते तिच्यावाचून ‘ड्रॅक्युला’ झाली नसती.

कादंबरीची टिपणे ८ मार्च १८९० पासूनची आहेत. त्या उन्हाळ्यात स्टोकर इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावरील व्हिटबी या बंदराच्या गावी सुट्टीला गेले होते. तेथल्या वाचनालयात त्यांनी विल्यम विल्किन्सन यांचे वालाकिया आणि मोल्डेव्हिया या पूर्व युरोपातील प्रांतांविषयीचे १८२० सालचे पुस्तक काढले आणि त्याचा कपाटातील क्रमांकही उतरवून घेतला. त्या पुस्तकातील एका तळटीपेत, वालाकियाच्या भाषेत ड्रॅक्युला म्हणजे सैतान, असे लिहिलेले होते. तोपर्यंत टिपणांत त्यांच्या सरदाराचे नाव ‘काउंट वॅम्पायर’ असे होते. ते खोडून त्यांनी नवे नाव लिहिले.

याच गावी किनाऱ्यावरच्या रखवालदारांकडून त्यांना एका जहाजाची हकीकत मिळाली. ‘दिमित्री’ नावाचे रशियन जहाज ऑक्टोबर १८८५ मध्ये वादळात सापडून व्हिटबीच्या किनाऱ्याला लागले होते. ते नार्वा बंदरातून निघालेले होते. कादंबरीत जहाजाचे नाव ‘डेमेटर’ झाले आणि बंदर वार्ना झाले. नार्वाची अक्षरे हलवली की वार्ना होते. ड्रॅक्युलाचा वाडा ज्या प्रदेशात आहे त्या ट्रान्सिल्व्हेनियाला हा माणूस आयुष्यात कधी गेला नाही. सारे वाचनालयांतून, नकाशांतून आणि वेळापत्रकांतून उभे केले.

आणि या कथेतील खरे शस्त्र कोणते, तर मीनाचे टंकलेखन यंत्र. सगळ्यांच्या रोजनिशा आणि पत्रे ती तारीखवार लावते, टंकून काढते आणि मध्ये कार्बन घालून तीन प्रती करते. ड्रॅक्युला मध्यरात्री येऊन मूळ कागद व फोनोग्राफच्या नळ्या जाळतो, तेव्हा तिजोरीत एक प्रत शिल्लक असते म्हणून पुढचा पाठलाग होऊ शकतो. ते प्रकरण मी कचेरीत डबा खाताना वाचले होते, आणि उठून आमच्या रेकॉर्ड रूममधल्या रुमालात बांधलेल्या मिसलींच्या रांगांकडे पाहिले होते, हे मला आजही आठवते.

२६ मे १८९७ रोजी पिवळ्या कापडी बांधणीत, लाल अक्षरांत नाव छापलेली ही कादंबरी सहा शिलिंगांना लंडनमध्ये विक्रीला आली. तो उन्हाळा आपल्याकडे दुष्काळाचा आणि प्लेगचा होता, आणि त्यानंतर महिना व्हायच्या आत, २२ जूनच्या रात्री, पुण्यात चाफेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली. मराठी वाचकाने हे पुस्तक त्या सालात ठेवून वाचावे असे मला फार वाटते.

टीकाकारांनी कादंबरीचे बरे स्वागत केले, पण तिने लेखकाला श्रीमंत केले नाही. १९११ साली आजारी स्टोकर यांना लेखकांना मदत करणाऱ्या रॉयल लिटररी फंडाकडे अर्ज करावा लागला, आणि त्यांना १०० पौंड मिळाले. २० एप्रिल १९१२ रोजी लंडनमध्ये त्यांचे निधन झाले. टायटॅनिक बुडून तेव्हा पाचच दिवस झाले होते. पुढच्या वर्षी त्यांच्या ग्रंथसंग्रहाचा लिलाव झाला, त्यात या कादंबरीची टिपणे दोन पौंडांच्या आसपास गेली. आज ती फिलाडेल्फियाच्या रोझनबाख संग्रहालयात जपून ठेवलेली आहेत.

ज्यांनी ही कादंबरी वाचली आहे त्यांनी अवश्य लिहावे.

गठ्ठा-बिल्टी (सोलापूर)

काका, आमच्या घरी तीन पिढ्या चादरींचे गठ्ठे बाहेरगावी रवाना करण्याचा व्यवसाय आहे. आपला धागा वाचून मी आठवडाभरात कादंबरी संपवली, आणि मला ती आपल्यापेक्षा थोडी वेगळी दिसली. आपल्याला तिच्यात न्यायालय दिसले, मला माल वाहतूक दिसली.

ड्रॅक्युला इंग्लंडला येतो तो मातीने भरलेल्या ५० पेट्या घेऊन, कारण त्याला आपल्या मातीतच विसावा मिळतो. त्या पेट्यांचे बीजक हार्कर व्हिटबीच्या वकिलाकडे जाऊन स्वतः पाहतो, आणि त्यावर मालाचे वर्णन असते : साधी माती, प्रयोगासाठी. आमच्याकडे बिल्टीवर मालाचे वर्णन लिहिणाऱ्याला हे वाक्य वाचून कळेल की ते लिहिणाऱ्याने आयुष्यात अनेक बीजके हाताळली आहेत. पुढे हार्कर गाडीवानांना शोधत लंडनभर फिरतो. एकाला घशाची धूळ धुवायला पैसे द्यावे लागतात. दुसरा आपल्या विजारीच्या मागून कोपरे मुडपलेली वही काढतो, आणि तिच्यात शिसपेन्सिलीने पुसट लिहिलेले असते की सहा पेट्या माइल एंडला आणि सहा बर्मंडसीला पोहोचवल्या. लंडनमधल्याच पिकॅडिलीच्या घरी नऊ, आणि पेट्या प्रथम उतरवल्या त्या इंग्लंडमधल्या वाड्यात उरल्या २९. बेरीज पन्नास होते, मी करून पाहिली. पिकॅडिलीच्या घरात मात्र आठच पेट्या सापडतात, आणि त्या एका पेटीच्या मागे सगळी मंडळी पुन्हा युरोप ओलांडून जातात.

माझ्या आजोबांच्या खिशात तशीच एक वही असे. एक गठ्ठा कमी भरला म्हणून त्यांनी हुबळीपर्यंत जाऊन आलेले मी लहानपणी ऐकले आहे. म्हणून त्या पन्नासाव्या पेटीसाठी माझा जीव जितका टांगणीला लागला, तितका ड्रॅक्युलाच्या वाड्यातील तीन स्त्रियांच्या प्रसंगानेही लागला नाही.

पूर्वभागची वाचक (सोलापूर)

आपण दोघांनी फार मन लावून लिहिले आहे, तरीही मला आपल्या मांडणीत एक आई राहून गेलेली दिसते. कागद लावण्याची शिस्त स्टोकर यांना कचेरीने दिली हे मी मान्य करते. परंतु त्या कागदांत जे भय भरले आहे ते कचेरीतून आलेले नाही. ते अंथरुणाला खिळलेल्या मुलाच्या उशाशी बसलेल्या आईकडून आले आहे.

शार्लट स्टोकर या आयर्लंडच्या पश्चिमेकडील स्लायगो गावच्या. १८३२ साली तेथे पटकीची भयंकर साथ आली तेव्हा त्या चौदा वर्षांच्या होत्या. त्या साथीच्या आठवणी त्या मुलांना सांगत, आणि पुढे ब्रॅम यांच्या आग्रहावरून त्यांनी त्या लिहूनही काढल्या. त्यांत एका उंच सार्जंटची हकीकत आहे. मेला असे समजून त्याला पेटीत घालू लागले, पाय मावेनात म्हणून ते मोडण्यासाठी हातोडा उचलला, आणि पहिल्या घावासरशी तो माणूस शुद्धीवर आला. सात वर्षे जागचे हलता न येणाऱ्या मुलाने ही गोष्ट ऐकली आहे. मेलेला आणि न मेलेला यांच्यामधली जागा त्याला पुस्तकातून शोधावी लागली नाही.

आमच्या घरी प्लेगच्या आठवणी अशाच उतरत आल्या. गाव सोडून माळावर झोपड्या घातल्या, आणि साथ ओसरल्यावर परतलेल्यांना शेजारच्या घराची कडी काढण्याचा धीर कितीतरी दिवस झाला नाही, असे माझी आजी तिच्या सासूच्या तोंडचे सांगत असे. ती सांगताना आवाज कधी चढवत नसे. दाराची कडी कशी होती, उंबऱ्यावर काय पडले होते, एवढेच सांगे. मीनाची मैत्रीण ल्यूसी हिच्या आजारपणाची प्रकरणे वाचताना मला तिचाच आवाज ऐकू आला. मुलगी रोज सकाळी थोडी अधिक पांढरी पडत जाते, चार निरनिराळे पुरुष तिला रक्त देतात, आणि रात्र झाली की केलेले सारे वाया जाते. रक्तगटांचा शोध लागला १९०१ साली, म्हणजे कादंबरीनंतर चार वर्षांनी. ब्रॅम यांचे थोरले बंधू थॉर्नली नामवंत शल्यविशारद होते, आणि कादंबरीतील वैद्यकाच्या भागासाठी त्यांनी दिलेले टिपण त्या कागदांत सापडले आहे. कादंबरी आली तेव्हा शार्लट हयात होत्या. मेरी शेली यांच्या ‘फ्रँकेन्स्टाइन’नंतर इतके स्वतंत्र आणि इतके भयकारी दुसरे काही आले नाही, अशा अर्थाचे त्यांनी मुलाला लिहिले होते.

नक्कलनवीस

ताई, आपला आक्षेप मला मान्य आहे. शार्लटबाईंचे ते लेखन मी केवळ उल्लेखापुरते वाचले होते आणि त्याचे वजन मला कळले नव्हते. आपल्या आजींचे ‘दाराची कडी कशी होती’ हे मात्र माझ्याही बाजूने बोलते आहे, कारण उत्तम साक्षीदार असाच बोलतो. जे पाहिले तेवढेच सांगतो आणि अनुमान न्यायाधीशावर सोडतो.

रंगपट (सोलापूर)

मी हौशी रंगभूमीवर पडद्यामागची कामे करत आलो आहे, आणि स्टोकर यांच्या आयुष्याचा सर्वांत मोठा तुकडा अजून कोणी मांडलेला नाही म्हणून लिहितो. डब्लिनला असताना ते एका वर्तमानपत्रात विनावेतन नाट्यसमीक्षा लिहीत. त्या पत्राच्या मालकांपैकी एक होते शेरिडन ले फानू, ज्यांची ‘कार्मिला’ ही रक्तपिपासू स्त्रीची कथा ‘ड्रॅक्युला’च्या पंचवीस वर्षे आधीची आहे. १८७६ साली विख्यात नट हेन्री अर्विंग यांच्या हॅम्लेटवर स्टोकर यांनी लिहिले, दोघांची भेट झाली, आणि १८७८ साली अर्विंग यांनी लंडनचे लायसियम थिएटर हाती घेतले तेव्हा व्यवस्थापक म्हणून स्टोकर यांना बोलावले. त्यांनी सरकारी नोकरी सोडली, त्याच महिन्यात फ्लॉरेन्स बाल्कम यांच्याशी विवाह केला, आणि पुढची २७ वर्षे अर्विंग यांच्या पायाशी घातली.

नाटकाचा व्यवस्थापक काय करतो हे बाहेरच्याला कळत नाही. तिकीटविक्रीचा हिशेब, नेपथ्य आगगाडीने पुढच्या गावी धाडणे, नटांचे रुसवे, गावोगावच्या पाहुण्यांची सरबराई आणि मालकाच्या नावाने रोज डझनावारी पत्रे लिहिणे, हे सर्व एकट्या स्टोकर यांच्याकडे होते. हुतात्मा स्मृती मंदिरात प्रयोग संपल्यावर सामान ट्रकमध्ये चढेपर्यंत जागणारा माणूस मी जवळून पाहिला आहे. तसल्या रात्रींनंतर उरलेल्या वेळात, सात वर्षे टिपणे काढत ही कादंबरी लिहिली गेली. हार्कर ड्रॅक्युलाच्या वाड्यात अडकतो आणि यजमानाच्या सांगण्यावरून रात्रभर जागून गोष्टी करत बसतो, ते वाचताना स्टोकर यांना कोणत्या रात्री आठवल्या असतील हे मला वेगळे सांगावे लागत नाही.

प्रकाशनाच्या आठ दिवस आधी, १८ मे १८९७ रोजी, लायसियममध्ये या कादंबरीचे नाट्यवाचन झाले. नाट्यहक्क शाबूत राहावेत म्हणून असे वाचन तेव्हा करावे लागे. छपाईची मुद्रिते कापून आणि चिकटवून त्याची संहिता घाईने तयार केली होती. तिच्यावर नाव होते ‘ड्रॅक्युला, अर्थात अन-डेड’, म्हणजे मेलेला असूनही न मेलेला. दुसऱ्या वर्षी लायसियमच्या नेपथ्याच्या गोदामाला आग लागली, मग अर्विंग आजारी पडले, आणि थिएटर हातचे गेले. १३ ऑक्टोबर १९०५ रोजी ब्रॅडफर्डला प्रयोग करून परतल्यावर अर्विंग गेले. स्टोकर यांनी त्यांच्या आठवणींचे दोन खंड लिहिले. हयातीत स्टोकर यांची ओळख ‘अर्विंग यांचा माणूस’ एवढीच होती.

सात रस्ता

मी फक्त चित्रपट पाहिले आहेत. सूर्यप्रकाश पडला की तो जळून जातो, हे कादंबरीत कोणत्या प्रकरणात आहे? आणि व्लाड नावाच्या राजाचीच ही कथा आहे ना?

नक्कलनवीस

कादंबरीत तसे कोठेही नाही. ड्रॅक्युला दिवसाढवळ्या पिकॅडिलीत उभा असलेला हार्करला दिसतो. दिवसा त्याची शक्ती क्षीण होते, एवढेच. त्याला मारतात तेही छातीत सुळा ठोकून नव्हे. हार्करचा सुरा गळ्यावर चालतो आणि पाठलागातला त्याचा सोबती क्विन्सी मॉरिस याचा सुरा काळजात. उन्हाने नाहीसे होणे हे १९२२ सालच्या ‘नोस्फेराटू’ या जर्मन मूकपटाने आणले, आणि तेच लोकांच्या मनात राहिले. पंधराव्या शतकातील व्लाडविषयी स्टोकर यांनी विल्किन्सनच्या पुस्तकातील मोजक्या ओळींपलीकडे वाचल्याचा पुरावा टिपणांत मिळत नाही. त्यांनी नाव घेतले, चरित्र घेतले नाही.

सनदधारक (सोलापूर)

वरच्या मूकपटाबद्दल थोडे जोडतो, कारण स्टोकर यांचा वारसा त्यांच्या विधवेने न्यायालयात राखलेला आहे. बर्लिनच्या प्राना-फिल्म या कंपनीने पात्रांची नावे बदलली, पण फ्लॉरेन्सबाईंची परवानगी घेतली नाही. पतीच्या पश्चात मिळकतीचे फारसे साधन नसलेल्या या बाईंनी लेखकांच्या संघटनेमार्फत दावा लावला. कंपनीने दिवाळे काढले, तरी त्या हटल्या नाहीत, आणि १९२५ साली चित्रपटाच्या सर्व प्रती नष्ट करण्याचा आदेश जर्मन न्यायालयाने दिला. काही प्रती बाहेरदेशी गेलेल्या होत्या, म्हणून तो चित्रपट आज आपल्याला पाहायला मिळतो. चित्रपट वाचला याचा मला आनंद आहे, आणि बाई लढल्या याचाही. हॅमिल्टन डीन यांना १९२४ साली नाटकाची परवानगी त्यांनीच दिली. त्या नाटकातून अमेरिकेतला प्रयोग, त्यातून ड्रॅक्युलाची भूमिका करणारा नट बेला लुगोसी, आणि त्यातून १९३१ चा बोलपट असा तो प्रवाह पुढे गेला. अमेरिकेत मात्र नोंदणीची औपचारिकता अपुरी राहिल्याने तेथे कादंबरीला हक्कांचे संरक्षणच नव्हते असे पुढे निष्पन्न झाले. इतका काटेकोर माणूस, आणि नेमका आपलाच एक कागद राहून गेला, याचे मला वाईट वाटते.

ग्रंथालयवासी (सोलापूर)

अलीकडची एक बातमी येथे नोंदवून ठेवते. ब्रायन क्लिअरी नावाच्या डब्लिनच्या वाचकाला अचानक श्रवणदोष आला, आणि रजेच्या काळात ते आयर्लंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयात जुनी वर्तमानपत्रे चाळत बसले. तेथे त्यांना डब्लिनच्या ‘डेली एक्स्प्रेस’ची १७ डिसेंबर १८९० ची नाताळ पुरवणी मिळाली, आणि तिच्यात स्टोकर यांची ‘गिबेट हिल’ ही विस्मरणात गेलेली कथा. २०२४ साली ती पुन्हा प्रसिद्ध झाली. ज्या वर्षी टिपणे सुरू झाली त्याच वर्षीची ही कथा आहे. जुन्या अंकांचे गठ्ठे रद्दीत घालण्यापूर्वी मी आता दोनदा विचार करते.

पूर्वभागची वाचक

एक भाषेचा प्रश्न विचारते. कादंबरीचे मूळ नाव ‘अन-डेड’ असे होते आणि छपाईच्या अगदी तोंडावर ते बदलले. या शब्दाला मराठी काय म्हणावे? हडळ, मुंजा, खवीस, समंध ही सारी देह सोडून गेलेली आणि वासना उरलेली मंडळी आहेत. ती पिंपळावर राहतात, विहिरीवर राहतात, पण वकिलामार्फत लंडनमध्ये घर विकत घेत नाहीत. नारायण धारपांच्या कथांतील समर्थ ज्यांच्याशी झुंजतात, त्या शक्तीही बहुतेक वेळा निराळ्याच आहेत.

नक्कलनवीस

सर्वांत जवळचा वेताळ, कारण तो प्रेतात शिरतो. आणि वेताळाची स्टोकर यांना ऐकून माहिती असण्याचा संभव आहे. वेताळपंचविशीतील कथा १८७० साली इंग्रजीत आणणारे रिचर्ड बर्टन यांना ते अर्विंग यांच्याबरोबर भेटले होते. बोलताना बर्टन यांचा वरचा ओठ उचलला जाऊन सुळा खंजिरासारखा चमके, असे स्टोकर यांनी आठवणींत लिहून ठेवले आहे.

परंतु शब्द म्हणून वेताळ चालणार नाही. मी गेले वर्षभर या कादंबरीची पहिली चार प्रकरणे स्वतःपुरती मराठीत उतरवतो आहे. आधी ‘अमर’ लिहिले आणि खोडले, कारण मराठीत अमर हा आशीर्वाद आहे. ‘अमृत’ तर त्याहून अशक्य. शेवटी मला अश्वत्थामा आठवला. कपाळावरची जखम घेऊन तेल मागत फिरणारा, मरण नाकारलेला. आमची आई तिन्हीसांजेला दारात तेल मागायला कोणी आले तर त्याला रित्या हाताने पाठवत नसे. म्हणून मी सध्या ‘मरण न लाभलेला’ असे तीन शब्द वापरतो आहे. ते लांब आहेत, पण मीनामुळे मला ते बरोबर वाटतात. जिच्या गळ्यावर त्याचे दात उमटले, तीच सर्वांना सांगते की त्याची दया करा, आणि अखेरच्या पानांवर, तो धूळ होण्याच्या क्षणी, त्याच्या चेहऱ्यावर कधी कल्पना केली नव्हती अशी शांतता आली, एवढे आपल्या रोजनिशीत नोंदवून ठेवते.